तिकीट आधी, पैसे मागाहून

जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. एसटीच्या फलकासारखी वाटणारी ही यादी सह्याद्रीतल्या लाव्ह्याच्या थरांची आहे, तळापासून माथ्याकडे. पश्चिम घाटात बेसॉल्टचे प्रवाह एकावर एक साचत गेले. त्यांचं रसायन तपासून भूशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात त्यांचे गट पाडले आणि जो गट ज्या घाटात किंवा ज्या गावाजवळ नीट दिसतो, त्याचं नाव त्या गटाला दिलं. आज व्हिएन्नातल्या नाहीतर सॅन फ्रान्सिस्कोतल्या सभागृहात पडद्यावर ही नावं झळकतात. ‘आंबेनळी’ म्हणताना परक्या जिभा अडखळतात, पण खडकाबद्दलचा तपशील सहसा चुकत नाही.

या नावांना जगात एवढा भाव आहे, त्याचं कारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचं. डायनॉसॉर संपले तो काळ आणि दख्खनचे उद्रेक चालू होते तो काळ एकमेकांत गुंतलेला आहे. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेल्या अशनीने घात केला, दख्खनच्या वायूंनी केला की दोघांनी मिळून केला, हा वाद मिटलेला नाही. २०१९च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले. एका गटाने झिरकॉनमधल्या युरेनियम आणि शिशावरून वयं काढली होती, दुसऱ्याने आर्गॉनवरून. उद्रेकांचा जोर नेमका केव्हा होता यावर दोघांचं जुळलं नाही. नमुने मात्र दोघांनीही आपल्याच डोंगरांतून नेले होते.

तसं पाहिलं तर दख्खनच्या दगडाची चर्चा सातासमुद्रापार होण्याची रीत जुनीच आहे. कर्नल साइक्स यांचा दख्खनच्या भूरचनेवरचा निबंध १८३०च्या दशकात लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत सादर झाला. साइक्स कंपनी सरकारच्या पगारावर मुंबई इलाख्याची सांख्यिकी गोळा करत हिंडले होते. म्हणजे त्यांच्या भ्रमंतीचा खर्च दख्खनच्याच महसुलातून निघाला, असं म्हणायला हरकत नाही. आज त्याच पठारावर वाढलेल्या, त्याच दगडावर पीएच.डी. करणाऱ्या मुलाने किंवा मुलीने त्या सभागृहात उभं राहायचं म्हटलं, तर पैसे कुठून येतात? या लेखासाठी मी राज्याच्या निरनिराळ्या भागांतल्या जिऑलॉजीच्या संशोधक विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या मार्गदर्शकांशी बोललो. नावं छापू नका, असं बहुतेकांनी बजावलं. पुढचा अर्ज त्याच खिडकीवर द्यायचा असतो.

मराठवाड्यातल्या एका संशोधक मुलीपासून सुरुवात करतो. तिचा विषय रेड बोल. घाटातून गाडी वर चढताना काळ्या कड्यात मध्येच विटकरी रंगाचा आडवा पट्टा दिसतो, तो हा. लाव्ह्याचा एक प्रवाह थंड झाला, त्यावर ऊन-पाऊस पडून माती तयार झाली आणि मग पुढचा प्रवाह त्या मातीवरून वाहत गेला. म्हणून तो पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती. ती किती काळ टिकली, हे कळलं तर उद्रेकांचा वेग कळतो आणि वेग कळला तर वर सांगितलेल्या वादात एक खुंटी ठोकता येते. मुलीचं काम व्हिएन्नाच्या परिषदेसाठी पोस्टर म्हणून स्वीकारलं गेलं.

ही परिषद युरोपियन जिओसायन्सेस युनियनची. दरवर्षी वसंतात, व्हिएन्नात, अठरा हजारांच्या आसपास माणसं. पोस्टर लावायचा बोर्ड तिथे आडवा असतो, सुमारे दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच. आपल्याकडची मुलं सवयीने उभा ए-झिरो छापून नेतात आणि तळाचे निष्कर्ष बोर्डाखाली लोंबकळत राहतात. या मुलीला ते आधीच एका सिनियरने सांगितलं होतं, म्हणून ती आडव्या मापाची फाइल घेऊन तालुक्यातल्या फ्लेक्सवाल्याकडे गेली. एरवी तो ‘भावी नगरसेवक’ छापतो. त्याने फाइल उघडून पाहिली आणि विचारलं, “ताई, फोटो कुणाचा टाकायचा?” त्याने ते कापडावर छापून दिलं. कापड घडी घालून सॅकमध्ये बसतं, नळकांडं सांभाळत बसावं लागत नाही.

पोस्टरचा प्रश्न असा शेकड्यांत मिटला. खरा हिशेब पुढे होता. मुंबई-व्हिएन्ना जाऊन-येऊन विमानाचं तिकीट, आधी काढलं तरी साठ-सत्तर हजारांच्या घरात. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४पासून ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा. परिषदेची नोंदणी काही शे युरो, शिवाय सारांश पाठवण्याचं शुल्क वेगळं, आणि ते निकाल लागण्याआधी भरायचं. मग सहा रात्रींची राहण्याची सोय. ही रक्कम एका संशोधक विद्यार्थ्याच्या तीन-चार महिन्यांच्या अधिछात्रवृत्तीएवढी होते. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार आहे, वरिष्ठ, म्हणजे एसआरएफ, ४२ हजार. विज्ञान शाखेच्या यूजीसी फेलोला किरकोळ खर्चासाठी वर्षाला पहिली दोन वर्षं १२ हजार आणि नंतर २५ हजार मिळतात. रसायनं, फील्डची जीप, दगडाचे पातळ काप करून घेण्याचा खर्च, छपाई, सगळं त्यातच. शिवाय ही वृत्ती महिन्याच्या महिन्याला हातात पडते, असं मानणारा माणूस बहुधा वृत्ती देणाऱ्यांतला असावा. थकलेल्या अधिछात्रवृत्त्यांसाठी राज्यात किती आंदोलनं झाली, ते वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना माहीत आहे.

मदत मिळत नाही, असं मात्र नाही. योजना आहेत आणि त्यांतल्या काही चांगल्या आहेत. व्हिएन्नाच्या परिषदेची प्रवास-मदत रोलां श्लिख यांच्या नावाने दिली जाते. हे फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञ, आणि त्यांचं मोठं काम हिंदी महासागराच्या तळाचं. आपल्या अंगणातल्या समुद्राचा तळ वाचणाऱ्या माणसाच्या नावाने आपल्या मुलांना मदत मिळावी, हा योग छान आहे. अमेरिकन जिओफिजिकल युनियन दर डिसेंबरात भरते. तिथे लॉइड बर्कनर यांच्या नावाची फेलोशिप आहे, जागतिक बँकेच्या यादीत कमी किंवा निम्न-मध्यम उत्पन्न गटात येणाऱ्या देशांतल्या तरुण सदस्यांसाठी. भारत त्या गटात बसतो. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाची कल्पना मांडणारे ते हेच बर्कनर. भारत सरकारची मुख्य योजना पूर्वीच्या सर्बची, म्हणजे आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची. इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्ट. इकॉनॉमी वर्गाचं विमानभाडं, व्हिसाचा खर्च, आणि पस्तिशीच्या आतल्यांना नोंदणी शुल्कही. कागदावर पाहिलं तर वर मांडलेला बहुतेक हिशेब यात बसतो.

बसत नाही ते वेळेचं गणित. योजनेची रीत अशी की प्रवास करा, परत या, बिलं जोडा, मग पैसे. सरकारी पैशाचं विमानतिकीट कुठूनही स्वस्तात काढता येत नाही. २०२२पासून बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तिघांकडूनच ते घ्यावं लागतं. बोर्डिंग पास जपून ठेवायचे. मी ज्यांना भेटलो त्यांतल्या एकाने प्लास्टिकच्या फोल्डरमधून आपले पास काढून दाखवले. त्या पातळ कागदावरची छपाई उडून गेली होती, आणि तसं होणार हे ठाऊक असल्याने त्याने विमानतळावरच त्यांच्या झेरॉक्स काढायला जागा शोधली होती. “दगडाचे नमुने एवढे जपले नाहीत सर,” तो म्हणाला.

मंजुरीचं पत्र परिषदेच्या तोंडावर येतं, तोवर तिकीट महागलेलं असतं. पत्राची वाट पाहावी तर व्हिसाची भेटीची तारीख जाते, वाट न पाहता तिकीट काढावं आणि मंजुरीच आली नाही तर सगळं अंगावर. व्हिसाच्या फाइलला पुन्हा बँकेचा उतारा लागतो, खर्च कोण करणार त्याचा पुरावा लागतो, वडिलांचं आयकर विवरणपत्र मागतात. कोरडवाहू शेती करणाऱ्या माणसाकडे ते कुठून असणार? मराठवाड्यातल्या त्या मुलीच्या घरी शेवटी आईच्या पाटल्या सोनेतारणाला गेल्या. खात्यात पैसे दिसले, व्हिसा मिळाला, पोस्टर लागलं. एका योजनेतून भाड्याचे पैसे आले तेव्हा पावसाळा सरत आला होता. तोवरचं व्याज कुठल्याच बिलात बसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की या मदतीची रक्कम कमी आहे, ही तक्रार दुय्यम आहे. जे पैसे मागाहून मिळतात ते उसनवारी करू शकणाऱ्यालाच मिळतात. ज्याच्याकडे वडिलांचं क्रेडिट कार्ड आहे त्याच्यासाठी ही योजना अनुदान ठरते, ज्याच्याकडे ते नाही त्याच्यासाठी ती जोखीम असते. निवड गुणवत्तेवर होते हे मान्य, पण अर्ज करायचा की नाही हे घरची परिस्थिती आधीच ठरवून मोकळी होते. पंतप्रधान संशोधन फेलोशिपवाल्यांना वृत्तीखेरीज वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान असतं. आयआयटीतली मुलं त्यातून तिकीट काढून मोकळी होतात. राज्य विद्यापीठातल्या किंवा जिल्ह्याच्या महाविद्यालयातल्या मुलाला मार्गदर्शकाच्या प्रकल्पात पैसे उरले आहेत का, इथून सुरुवात करावी लागते. आणि पुष्कळदा सरांकडे प्रकल्पच नसतो.

अमेरिकेचं प्रकरण आणखी अवघड. व्हिसाची फी १८५ डॉलर, नकार मिळाला तरी परत नाही. २०२२ सालच्या अखेरीस भारतातल्या केंद्रांवर पर्यटक-व्यावसायिक व्हिसाच्या मुलाखतीसाठी पाचशे दिवसांहून जास्त थांबावं लागत होतं. जिओफिजिकल युनियनच्या परिषदेचे सारांश जुलैच्या अखेरीस घेतात आणि परिषद डिसेंबरात होते. हिशेब तुम्हीच करा.

एवढा आटापिटा कशासाठी, असा प्रश्न वडीलधारे विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर पोस्टरपाशी मिळतं. भाषण करणाऱ्याला दहा-बारा मिनिटं मिळतात आणि प्रश्न विचारायला कुणाला सवड नसते. पोस्टरपाशी माणूस थांबतो. रेड बोलवाल्या मुलीपाशी एक वयस्क संशोधक थांबले. त्यांनी तिच्या एका आलेखावर बोट ठेवलं आणि विचारलं की या मातीत ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉन शोधलेस का. तिने शोधले नव्हते. आपल्या विद्यापीठात ते वेगळे करायची सोय नाही आणि त्यांचं वय मोजायचं तर देशात दिल्ली, अहमदाबाद, हैदराबाद अशा मोजक्या ठिकाणी रांग लावावी लागते. त्या गृहस्थांनी आपल्या प्रयोगशाळेत नमुने पाठवायला सांगितलं. पुढे त्याचं काय होईल ते होवो. पण तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण त्या बोर्डापाशी बदललं. ई-मेलने हे होत नाही. अनोळखी विद्यार्थ्याच्या ई-मेलला उत्तर न देणं ही जागतिक परंपरा आहे.

जिऑलॉजीत हे जास्तच लागू पडतं. हा विषय नुसता वाचून येत नाही. हिमालय न पाहिलेल्याने वळ्यांबद्दल बोलू नये, असं जुने शिक्षक म्हणत. आपल्या मुलांची अडचण उलटी आहे. त्यांनी बेसॉल्टखेरीज फारसं काही पाहिलेलं नसतं. महाराष्ट्राची चार पंचमांशाहून जास्त जमीन त्याच एका खडकाची. मोठ्या परिषदांना जोडून क्षेत्रसहली असतात. त्यात चार दिवस दुसऱ्याच काळातले, दुसऱ्याच जातीचे खडक, त्यांवर हयात घालवलेल्या माणसासोबत पाहता येतात. त्यांचं शुल्क वेगळं आणि भरमसाट असतं, आणि अनुदानात ते बहुधा बसत नाही. मुलं सभागृहात बसून परततात.

यावर एक उपाय होता तो म्हणजे परिषदच घरी येणं. इंटरनॅशनल जिऑलॉजिकल काँग्रेस हा या शास्त्राचा सगळ्यांत जुना मेळा. पहिलं अधिवेशन १८७८ साली पॅरिसला झालं. आशियात तो पहिल्यांदा १९६४च्या डिसेंबरात दिल्लीला आला, तेव्हा अध्यक्ष होते डी. एन. वाडिया. त्यानंतर २०२०च्या मार्चमध्ये तो पुन्हा दिल्लीजवळ, ग्रेटर नोएडात भरणार होता. साठ वर्षांत एकदा येणारा योग. राज्यातल्या विभागांनी मुलांची रेल्वेची आरक्षणं करून ठेवली होती. पासपोर्ट नको, व्हिसा नको, स्लीपरच्या तिकिटात जगभरचे भूशास्त्रज्ञ एका छपराखाली. या काँग्रेसमध्ये जिओहोस्ट नावाने गरीब देशांतल्या तरुणांना मदत करण्याचीही प्रथा आहे. पुढे काय झालं ते सांगायला नको. २ मार्चला सुरू होणारं अधिवेशन करोनाने पुढे ढकललं गेलं, मग आणखी पुढे, आणि अखेर २०२२च्या मार्चमध्ये ते पडद्यावर उरकलं. २०२४चं अधिवेशन बुसानला झालं. एम.एस्सी.च्या ज्या तुकडीने ती आरक्षणं केली होती, त्यातली पुष्कळ मुलं आता या क्षेत्रात नाहीत.

पडद्यावरची परिषद हा पर्याय म्हणून सांगितला जातो. २०२० साली व्हिएन्नाची परिषद पूर्ण ऑनलाइन झाली, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी ती पहिल्यांदा पाहिली. ते चांगलंच झालं. पण आता युरोपातली काही मंडळी कार्बनचा हिशेब मांडून म्हणतात की विमानप्रवास कमी करा, ऑनलाइन या. तिशीत पोचेपर्यंत वीस परिषदा केलेल्याने हे आपल्यापुरतं जरूर पाळावं. जिने विमान आतून पाहिलेलं नाही, तिला ते सांगणं मला रुचत नाही.

इकडे देशात दुसरंच नाटक चालू होतं. यूजीसीच्या २०१६च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी परिषदांत दोन निबंध सादर करणं सक्तीचं केलं. सक्ती आली, पैसे आले नाहीत. मग जे व्हायचं ते झालं. गावोगाव ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदा उगवल्या. नेपाळचा एक पाहुणा आला की झाली आंतरराष्ट्रीय. एकाच दिवशी भाषाशास्त्र, भूशास्त्र आणि वाणिज्य, नोंदणी शुल्कात जेवण, पिशवी आणि प्रमाणपत्र. मुलांनी आपल्या खिशातले हजार-दीड हजार भरून ती कागदं मिळवली. नोव्हेंबर २०२२मध्ये आलेल्या नव्या नियमांनी ही अट काढली. अट गेली म्हणून दुकानं बंद झाली असं नाही, कारण मुलाखतीत अजून कागद मोजले जातात.

खऱ्या परिषदा देशात आहेत. बंगळूरची जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया १९५८पासून आहे. तिच्या किंवा इंडियन जिओफिजिकल युनियनच्या वार्षिक बैठकीला जायला विद्यार्थ्याला रेल्वे, नोंदणी, दोन रात्री धरून सात-आठ हजार पुरतात. एम.एस्सी.च्या मुलाला मात्र हे सात-आठ हजार देणारं कुणीही नाही. त्याला वृत्ती नाही, तो कुठल्याच योजनेत बसत नाही, आणि नेमक्या याच वयात ठरतं की हा पोरगा जिऑलॉजीत राहणार की स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जागा धरणार. मुलींच्या बाबतीत घरचा होकार हा आणखी एक टप्पा. बरोबर मॅम असतील तर तो मिळतो, म्हणजे मॅमच्या खर्चाचीही सोय लागते.

दुसरीकडे हे कसं करतात, त्याचं एक उदाहरण मला आवडलं. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका ही संस्था १८८८ची. तिची एक मोठी वार्षिक बैठक असतेच, पण देशाच्या विभागवार छोट्या बैठकाही होतात. मुलं गाडी काढून जाऊ शकतील एवढ्या अंतरावर. त्यांच्यासाठी प्रवासाची छोटी अनुदानं असतात, आणि रॉय श्लेमन या अभियांत्रिकी भूशास्त्रज्ञाच्या देणगीतून विद्यार्थ्यांना दुपारचं जेवण दिलं जातं. जेवणाच्या टेबलावर खाणीत, भूजलात, धरणांवर प्रत्यक्ष काम करणारी माणसं असतात. भाषण नाही, सत्कार नाही. मुलांनी जेवता जेवता विचारायचं, तुम्हाला नोकरी कशी मिळाली, कोणती कौशल्यं लागतात. बैठकीत काही तास स्वयंसेवक म्हणून राबणाऱ्या विद्यार्थ्याला नोंदणी माफ, अशीही सोय तिथे आहे. यात अवघड काय आहे?

आपल्याकडे तर त्या टेबलावर बसायला माणसांची वाण नाही. एकट्या नागपुरात भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय, जिऑलॉजिकल सर्व्हेचं मध्य विभागाचं कार्यालय, खनिज अन्वेषण कंपनी आणि वेस्टर्न कोलफील्ड्स. पुण्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा. मुंबईत ओएनजीसी. कराडला कोयनेच्या भूकंपांसाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडणारी प्रयोगशाळा. गोव्यात दोनापावलला समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र. या सगळ्या ठिकाणी आपल्याच महाविद्यालयांतून शिकलेली माणसं बसली आहेत, आणि निवृत्त होऊन घरी बसलेली त्याहून जास्त.

त्यांच्यासाठी एका मार्गदर्शकांनी मला सांगितलेली योजना इथे मांडतो, कारण ती सोपी आहे आणि तिला शासन निर्णय लागत नाही. त्यांच्या विभागात माजी विद्यार्थ्यांनी दोन लाख रुपये जमवले. ते अनुदान म्हणून वाटायचे नाहीत, फिरवायचे. विद्यार्थ्याला कुठली मंजुरी मिळाली की तिकीट-व्हिसाचे पैसे आधी या निधीतून द्यायचे, बिल पास झालं की त्याने ते परत भरायचे. बिल नामंजूर झालं तर निम्मा भार निधीने सोसायचा. व्याजाची रक्कम एम.एस्सी.च्या मुलांच्या रेल्वेभाड्याला. निधीची वही विभागातला लिपिक सांभाळतो. एका वेळी एक-दोन मुलं जातात, पण कुणाच्या घरच्या पाटल्या हलत नाहीत.

ज्यांना सरकारी योजना सुधारायच्या आहेत त्यांनी तेवढंच करावं: मंजूर रकमेचा मोठा हिस्सा तिकिटाआधी द्यावा आणि मंजुरी व्हिसाच्या तारखेआधी कळवावी. आणि हा अंक हातात असलेल्या वाचकांत कुणी जिऑलॉजीचे जुने विद्यार्थी असतील, तर दिवाळीनंतर महाविद्यालयं उघडली की आपल्या विभागप्रमुखांना एक फोन करा आणि विचारा, असा फिरता निधी आहे का. नसेल तर पहिले दहा हजार तुमचे.